काठीवाला माणूस आणि आमचे आबाजी

वर्धा जिल्ह्यातल्या आर्वी तालुक्यातून एका ताईंचं पत्र आलं आहे. घर शेतकऱ्याचं. कोरडवाहू वावर, एक बैलजोडी, दोन गाई, चार-पाच शेळ्या. मुलगा आठ वर्षांचा, जिल्हा परिषदेच्या शाळेत तिसरीत. दिवाळीच्या सुट्टीसाठी पुण्याच्या मावशीने त्याला चित्रांच्या गोष्टींची पुस्तकं पाठवली, सगळी 'प्राण्यांवर माया करा' असं सांगणारी. पोराने ती वाचून वाचून पाठ केली. मग एका सकाळी त्याने वासराचं दावं सोडून दिलं, कारण आईचं दूध बाळाचं असतं असं पुस्तकात होतं. त्या दिवशी डेअरीला दूध गेलं नाही आणि वासराला हगवण लागली. आबाजींची, म्हणजे आजोबांची, तुतारी (बैल हाकायची अणकुचीदार टोकाची काठी) त्याने विहिरीत टाकली. भाऊबीजेनंतर घरचा बोकड विकला. पोराने त्याचं नाव लाडू ठेवलं होतं. 'लाडू मामाच्या गावी गेला', असं आईने सांगितलं आणि खरं काय ते शेजारच्या पोराने सांगितलं. तेव्हापासून मुलगा मटणाच्या पंगतीला बसत नाही आणि आबाजींशी बोलत नाही. सासरे म्हणतात, "हे पुस्तकं चुलीत घाला. पोट्टं कामातून गेलं, उद्या वावर कोण वाहीन?" नवरा गप्प आहे. उन्हाळ्याच्या सुट्टीसाठी मावशीचा दुसरा गठ्ठा तयार आहे. ताई विचारतात, पुस्तकं देऊ की लपवून ठेवू? आणि पत्राच्या शेवटी एकच ओळ: "आमचं जगणंच क्रूर आहे का हो?"

ताई, आधी या शेवटच्या ओळीचं बोलू. तुम्ही ती सगळ्यात खाली, घाईघाईत लिहिली आहे, पण पत्र त्याच ओळीसाठी लिहिलंय असं मला वाटलं.

नाही, तुमचं जगणं क्रूर नाही. मात्र ते क्रूर वाटावं अशी सोय त्या पुस्तकांनी करून ठेवली आहे. तुम्ही काही पानांचे फोटो पाठवलेत, ते मी नीट पाहिले. एका पानावर बैलगाडी आहे, ऊस की लाकडं भरलेली. गाडीवान धोतरातला, डोक्याला पागोटं, मिशा वर वळवलेल्या, काठी उगारलेली. समोर एक मुलगी हात पसरून उभी आहे. ती शहरातून सुट्टीला आलेली, पाठीवर सॅक, पायात बूट. ती गाडी थांबवते, बैलाला पाणी पाजते, आणि गाडीवान मान खाली घालतो. पुढच्या पानावर गाय आहे ती काळ्या-पांढऱ्या ठिपक्यांची, वशिंडच नसलेली. तुमच्या भागाची गौळाऊ गाय पांढरी, भरल्या वशिंडाची, चालायला चपळ. चित्रकाराने ती कधी पाहिली नसावी.

आता तुमच्या पोराच्या जागी बसून बघा. पुस्तकातून मान वर केली की समोर कोण? धोतर, दुपट्टा, मिशा, हातात काठी. आबाजी! त्या गोष्टीत माणसांना जागा दोनच आहेत, एक मायाळू मुलीची आणि एक दुष्ट गाडीवानाची. पोराने चांगली जागा स्वतःला घेतली, उरलेली आबाजींच्या वाट्याला गेली. आबाजींवरचा अबोला तिथून आला आहे. बोकड हे निमित्त झालं.

माझ्या पाहण्यातल्या अशा बऱ्याच पुस्तकांची ही खोड आहे. दया घेऊन येणारा पाहुणा असतो, दुष्टपणा करणारा गावचा असतो. लिहिणाऱ्यांच्या मनात तसं काही नसेलही, पण कुत्र्याला दगड मारणारं पोर नेहमी अनवाणी का काढतात, हे एकदा त्यांनाच विचारायला हवं.

पुस्तकांनी पोरगं हळवं केलं, असं तुमच्या घरात सगळेच धरून चालले आहेत. पण तुमच्याच पत्रात लिहिलंय की लाडूचं नाव त्याने पोळ्याच्या आधी ठेवलं, आणि पुस्तकं आली दिवाळीत. म्हणजे माया आधीच होती. ती कुठून आली? मावशीकडून नक्कीच नाही. ज्या घरात पोळ्याच्या आदल्या दिवशी बैलांचे खांदे तूप-हळद लावून शेकतात, 'आज आवतण घ्या, उद्या जेवायला या' म्हणून बैलाला घरच्या माणसासारखं बोलावतात, त्या घरात तो वाढला. तान्ह्या पोळ्याला लाकडी बैल घेऊन तोही दारोदार फिरला असेल. पुस्तकांनी त्याच्या मायेला फक्त बोलायला शिकवलं. थोडं उद्धट बोलायला शिकवलं, एवढंच.

तुमच्या मामाजींची, म्हणजे सासऱ्यांची, भीती मात्र मी हसण्यावारी नेणार नाही. जनावरांच्या जिवावर शेती करणाऱ्या घरात जनावर दिसलं की रडणारं पोर ही चेष्टेची गोष्ट नाही. त्यांना वाटतं की माया आली की काम गेलं. त्यांना गाडगेबाबांची आठवण करून द्या. बाबा शेजारच्याच अमरावती जिल्ह्यातल्या शेंडगावचे. लहानपण मामाच्या घरी दापुऱ्याला गेलं. तिथे गुरं राखली, नांगर धरला, आणि कामाला वाघ म्हणून नाव कमावलं. त्याच माणसाने मुलीच्या बारशाला मटण-दारूचा रिवाज मोडून गोड जेवण घातलं, आणि पुढे देवाच्या नावाने बोकड कापू नका म्हणून गावोगाव कीर्तनं केली. त्यांच्या दशसूत्रीत पशु-पक्षी, मुक्या प्राण्यांना अभय आहे. तो वावर वाहणारा माणूस होता आणि मुक्या जनावराचा कैवारीही. मामाजींना हे कुठल्याही पुस्तकापेक्षा लवकर पटेल.

आता मुलाने केलेल्या गोष्टी एकेक करून पाहू, कारण त्या सगळ्या एका मापाच्या नाहीत.

तुतारीच्या बाबतीत पोरगं चुकलं ते विहिरीत टाकण्यात. त्याचं म्हणणं चूक नव्हतं. गाडीला आणि ओझ्याला जुंपलेल्या जनावरांसाठी केंद्र सरकारचे 1965 चे नियम आहेत, त्यात अणकुचीदार टोकाची काठी वापरायला मनाई आहे. त्याच नियमांत असंही आहे की जनावराला दिवसात 9 तासांपेक्षा जास्त जुंपायचं नाही, आणि तापमान 37 अंशांच्या वर जातं तिथे दुपारी 12 ते 3 काम द्यायचं नाही. हे मामाजींना वाचून दाखवा. ते म्हणतील, यात नवीन काय? चैत्र-वैशाखात आम्ही पहाटेच जुंपतो आणि ऊन चढायच्या आत सोडतो. म्हणजे अर्धा कायदा ते कोणी न सांगता पाळत आले आहेत. मग उरली ती खिळ्याची आर. नवी काठी करताना ती लावू नका. बैल आवाजावर चालणारा असेल तर नुसती काठी पुरते, आणि तुमची जोडी मामाजींच्या आवाजावर चालते, असं तुम्हीच लिहिलं आहे. विहिरीतली तुतारी मात्र पोरालाच काढू द्या, गळ टाकून, बापाला सोबत घेऊन. तुतारी सापडो न सापडो, नवरा निदान दोन शब्द बोलेल.

वासराचं उलट आहे. तिथे त्याची माया खरी, पण माहिती अर्धी. देशी गाय वासरू जवळ आल्याशिवाय पान्हा सोडत नाही. वासराचा वाटा तुम्ही आधीच ठेवता, दोन सड त्याचे, हे त्याने रोज पाहिलं आहे पण कोणी समजावून सांगितलेलं नाही. पोटापेक्षा जास्त दूध एकदम गेलं की वासराला हगवण लागते. हगवण लागलेल्या वासराची शेपटी धुणं, त्याला वेळेवर पाणी पाजणं, गोठ्यात कोरडं कुटार (भुसा) पसरणं, ही कामं तुम्ही त्याला दिलीत का? पत्रात दिसलं नाही. दिली नसतील तर द्या. ही शिक्षा नाही, त्याने सुरू केलेलं काम त्यानेच शेवटपर्यंत न्यायचं, एवढंच. पुस्तकात वासरू मोकळं सुटलं की गोष्ट संपते, पुढची घाण कोणी काढली ते दाखवत नाहीत.

आपण मोठेही मायेपोटी असंच करतो, हेही त्याला कळू द्या. पोळ्याला कौतुकाने बैलाला पुरणपोळ्या, भात, पिठाचे गोळे चारतात. रवंथ करणाऱ्या जनावराच्या पोटात चाऱ्याला सरावलेले सूक्ष्मजीव असतात. धान्य आणि गोड एकदम जास्त गेलं की आम्ल वाढतं, रवंथ थांबतं, आणि उपचार मिळाले नाहीत तर जनावर दगावतं. एखादी पोळी मानाची, बाकी नेहमीचा चारा. दिवाळीत गाईंच्या पूजेला, गायगोधनालाही तेच. आणि उरलेलं अन्न पन्नीत, म्हणजे प्लास्टिकच्या पिशवीत, बांधून उकिरड्यावर टाकणं बंद, कारण गाय पन्नीसकट खाते. जनावराने खाणं सोडलं, पोट फुगलं तर फिरत्या पशुवैद्यकीय पथकासाठी 1962 हा टोल फ्री नंबर आहे. तो गोठ्याच्या भिंतीवर खडूने पोराकडूनच लिहून घ्या.

आता लाडू. इथे मी तुमच्या बाजूने बोलणार नाही. बोकड विकला, ते ठीक. त्या पैशातून काय काय भागलं ते तुम्ही लिहिलंय, आणि त्यातला एकही खर्च उडवाउडवीचा नाही. पण 'मामाच्या गावी गेला' हे सांगायला नको होतं. आठ वर्षांच्या पोराला मरण कळतं. त्याने शेळीचं करडू मेलेलं पाहिलंय, नागपंचमीला मारलेला साप पाहिलाय. त्याला न कळणारी गोष्ट एकच, आई खोटं का बोलली. कुठल्याही पुस्तकापेक्षा त्या खोट्याने त्याला जास्त लागलं आहे. एखाद्या दुपारी कापूस वेचताना त्याला सोबत घ्या आणि सरळ सांगा: "लाडू मामाकडे गेला नाही. आम्ही त्याला विकला. तो कापला जाणार हे आम्हाला माहीत होतं. तू रडशील म्हणून मी तुला खरं सांगितलं नाही, ते चुकलं." तो रडेल, चिडेल, दोन दिवस बोलणार नाही. चालू द्या. त्याला लगेच समजावत बसू नका, 'शेतकऱ्याच्या घरात असंच असतं' वगैरे तर मुळीच नको.

पुढच्या वेळी करडू झालं की पहिल्याच दिवशी सांगा, ही पाट (मादी करडू) राहणार, हा बोकड जाणार. कित्येक घरांत विकायच्या बोकडाला नाव ठेवत नाहीत, त्याचं कारण हेच. तरी त्याने ठेवलंच तर ठेवू द्या. पण विकायच्या आधी चार दिवस कळू द्या, म्हणजे त्याला पाला तरी खाऊ घालता येईल.

मटण नको म्हणतो तर बळजबरी नको. तूर, हरभरा, दूध घरचंच आहे, अंडी खात असेल तर उत्तमच. अट एकच, दुसऱ्याच्या ताटावरून त्याने बोलायचं नाही. आणि त्याच्या ताटावरून मामाजींनीही.

एक गोष्ट तुम्ही पत्रात ओझरती लिहिली आहे: "रानडुकरांना बाबा का हाकलतात, असं विचारतो." या प्रश्नावर चित्रांची पुस्तकं बहुतेक गप्पच असतात, त्यामुळे तो तुम्हालाच सोडवावा लागेल. बोर व्याघ्र प्रकल्पाचं जंगल तुमच्यापासून फार लांब नाही. रोही (नीलगाई) आणि डुकरं एका रात्रीत हरभरा झोपवतात आणि बाप थंडीत जागलीला जातो, तिथे वाघाचीही भीती. त्याला एका संध्याकाळी, दिवस असताना, बापासोबत वावरातल्या राखणीच्या माळ्यावर नेऊन दाखवा. डब्बा वाजवून हाकलणं, कुंपणाला जीव न घेणारा झटका देणारं सौर झटका मशीन लावणं, नुकसान झालं की वनविभागाकडे अर्ज करून पंचनामा करून घेणं, हे सगळं घरचं पोट राखणं आहे. तारेत चोरून थेट करंट सोडणं मात्र वेगळं. त्याने डुक्कर मरतं, वाघ मरतो, आणि आपल्या विदर्भात शेजारच्या वावरातला माणूसही मेला आहे. तुमच्या घरात ते होत नाही, हे त्याला बापाच्या तोंडून ऐकू द्या. बाप दुष्ट गाडीवान नाही, हे त्याला तेवढ्याने कळेल.

मग पुस्तकांचं काय करायचं? लपवली तर तो शेजारी जाऊन वाचेल आणि तुम्ही दुसऱ्यांदा खोटं बोलल्यासारखं होईल. चुलीत घालण्याचा विषयच नाही. आहेत तशी एकट्याला दिली तर पुन्हा तेच होणार. माझं मत, सगळी द्या, पण आबाजींसमोर मोठ्याने वाचायला लावा. मामाजींना वाचता येतं की नाही, तुम्ही लिहिलं नाही. नसेल येत तर आणखी चांगलं, नातू वाचेल आणि आजोबा मध्येमध्ये तोडतील. 'हे जू असं नसते, बावा.' 'या गाईले वशिंड कुठी हाय?' 'गाडीत एवढं भरलं तर धुरा मोडन.' काठीवाल्या माणसाच्या पानावर आल्यावर तर त्यांना बोलूच द्या. तो का मारत असेल, गाडी चिखलात रुतली होती का, मालकाने दटावलं होतं का, आणि तरी मारायला हवं होतं का? हे शेवटचं पोराने विचारायचं.

नवीन पुस्तकं निवडताना, आणि हे इतर आईबापांसाठी आणि शिक्षकांसाठीही सांगते, आधी बघा की गोष्टीतलं जनावर खरंच जनावर आहे का. सदरा-टोपी घातलेलं, शाळेत जाणारं अस्वल गंमतीला छान. पण टोरंटोच्या संशोधकांनी 2017 मध्ये चार ते सहा वर्षांच्या मुलांवर केलेला एक प्रयोग आहे. वाटून घेण्याची एकच गोष्ट काही मुलांना माणसांच्या पात्रांसह वाचून दाखवली आणि काहींना माणसासारख्या वागणाऱ्या प्राण्यांच्या पात्रांसह. नंतर स्वतःचे स्टिकर दुसऱ्याला देताना माणसांची गोष्ट ऐकलेली मुलं जास्त उदार निघाली. तेव्हा कपडे घातलेल्या सशाकडून संस्काराची फार आशा नको. तहान लागलेली, भ्यायलेली, लंगडणारी जनावरं ज्यात असतात, आणि माणूस त्यांच्यासाठी काहीतरी *करतो*, नुसतं गोंजारत नाही, ती पुस्तकं जास्त कामाची. आणि गावचा माणूस त्यात शहाणा दिसतो का, तेही बघाच.

पैसे घालायची गरज नाही. नॅशनल बुक ट्रस्टची नेहरू बाल पुस्तकालय मालिका मराठीत आहे आणि स्वस्त आहे. प्रथम बुक्सच्या स्टोरीवीव्हर या संकेतस्थळावर मराठी चित्रगोष्टी फुकट वाचता येतात, छापूनही घेता येतात. फोन घरात एकच असेल तर तालुक्याला गेल्यावर दोन गोष्टी छापून आणा. शाळेत ग्रंथालय असणं 2009 च्या शिक्षणहक्क कायद्याने गरजेचं आहे. सुट्टी लागायच्या आधी गुरुजींना विचारून कपाटातली पाच-सहा पुस्तकं घरी मागून घ्या. कपाटाला कुलूप घालून सुट्टी काढणाऱ्या शाळांबद्दल मी पुन्हा कधीतरी लिहीन.

एक पुस्तक मात्र विकत मिळणार नाही, ते घरीच करावं लागेल. कोऱ्या कागदांची वही शिवा. चित्रं पोराची, मजकूर आबाजींच्या तोंडचा. विषय एकच, आपल्या जोडीतल्या डाव्या बैलाचा एक दिवस. जू घासून खांदा सुजला की आबाजी काय लावतात. सुजलेल्या खांद्याचा बैल किती दिवस जुंपत नाहीत, आणि त्या दिवसांत डवरणीचं (पिकातल्या कोळपणीचं) काम कसं निभावतात. ढेप (पेंड) किती देतात, पाणी किती वेळा दाखवतात. तो म्हातारा झाल्यावर काय करणार, हेही विचारू द्या. त्या प्रश्नाचं उत्तर मामाजींना सोपं जाणार नाही, आज कुठल्याच शेतकऱ्याला जात नाही. जेवढं खरं सांगता येईल तेवढं सांगू द्या, उरलेलं पान कोरं राहिलं तरी चालेल. या निमित्ताने दोघं एका बाजेवर बसतील. पहिल्या दिवशी बोलले नाहीत तरी चालेल, नातू चित्र काढेल आणि आजोबांना शिंगं चुकलेली दिसली की राहवणार नाही.

उन्हाळ्याच्या गठ्ठ्यात रस्त्यावरचं पिल्लू घरी आणल्याची गोष्ट असणारच, ती असतेच. म्हणून आत्ताच सांगून ठेवा, अनोळखी कुत्र्याला मिठी मारायची नाही, पिल्लांजवळच्या कुत्रीच्या तर वाटेलाही जायचं नाही. पाण्याचं भांडं दुरून ठेवलं तरी माया पोचते. चावलं, ओरखडलं किंवा जखमेवर चाटलं तर वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटं धुवायचं आणि त्याच दिवशी प्राथमिक आरोग्य केंद्रात लस. हळद-मिरची भरायची नाही.

राहिली मावशी. तिच्यावर रागावू नका, तिने प्रेमानेच पाठवलं आहे. तिला एक फोन करा आणि सांगा, पुढचा गठ्ठा पाठवू नकोस, स्वतः घेऊन ये, आठ दिवस राहायला. गाईचं दूध पहाटे पाचला निघतं, आणि शेण भरायची पाटी कुठे असते ते भाचा दाखवेल.